नावाला जेवलो

कोल्हापुरात कुणाच्याही घरी व्हेज कोल्हापुरी शिजत नाही. मी हा पदार्थ पहिल्यांदा खाल्ला तो नागपुरात, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात, तेही चाळिशी उलटल्यावर. लालभडक रस, त्यात गाजर, फ्लॉवर, मटार आणि वर एक सुकी मिरची आडवी झोपवलेली. वेटरला म्हटलं, आम्ही कोल्हापूरचेच. तो खूश झाला. म्हणाला, "मग तर साहेब तुम्हाला आवडणारच."

ती मिरची मला पुन्हा आठवली २०२३च्या ऑक्टोबरात, इटलीत फ्लॉरेन्सच्या सिन्योरिया चौकात. आम्ही नवरा-बायको एका हॉटेलाच्या दारात उभे होतो आणि दारावर नाव होतं पर्सा आणि बूट विकणाऱ्या कंपनीचं.

मुलगी तिकडं तोरिनोला शिकायला. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिनं आम्हाला बोलावून घेतलं आणि फोनवर सांगितलं, "पप्पा, गुचीत टेबल बुक केलोय." (पुण्याच्या लोकांनी हसू नये. आमच्याकडं मुली ‘केलोय’, ‘आलोय’च म्हणतात आणि चार वर्षं परदेशात काढली तरी ते जात नाही.)

"गुची म्हणजे पर्सवाले न्हवं?"

"तेच."

"ते जेवायला पण घालतात?"

"घालतात की. पैसे घेऊन."

मला हे विचित्र वाटायचं खास कारण आहे. आमचं चप्पल लाइनीत दुकान. आजोबांनी घातलं, आण्णांनी वाढवलं, मी कसंबसं टिकवलं. तीन पिढ्या कातड्याच्या वासात गेल्या. पण उद्या आमच्या दुकानाच्या नावानं कुणी खाणावळ काढली तर गल्लीतलं कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. चप्पल दाराबाहेर काढून मग पानावर बसायचं, ही आमची रीत. इथं चपलेचंच नाव पानावर.

पण जेवायच्या आधी सकाळी एक काम होतं.

राजाराम कॉलेजात मी पाच वर्षं काढली. ज्या राजाराम महाराजांच्या नावाचं ते कॉलेज, ते वारले कुठं हे मात्र मला बरंच उशिरा कळलं. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरचे दुसरे राजाराम, १८७० साली विलायतेला गेले. वय वीस. परत येताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये गेले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. हिंदू दहन तिथं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण परवानगी मिळाली. आपल्याला संगम लागतो. आर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी जिथं मिळते, तिथं काशिने बागेच्या टोकाला चिता रचली. आमच्याकडं प्रयाग चिखलीला नद्या मिळतात. तिकडं ही दोन परकी पाणी. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, तिथं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा. आमचा न्यू पॅलेस पुढं याच माणसानं काढला. त्यामुळं असेल, झाडांच्या आडून तो घुमट दिसला आणि माझी बायको एकदम म्हणाली, "हे आपल्यातलंच दिसतंय." तिला मँटबिंट काही ठाऊक नव्हतं.

छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. चेहरा अगदी कोवळा. आमच्या दुकानात चप्पल बघायला येणाऱ्या आणि भाव न करताच परत जाणाऱ्या कॉलेजच्या पोरासारखा. बायकोनं पदराच्या गाठीतून अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली आणि चिमूटभर पायरीवर ठेवलं. तेवढ्यात कुत्रं फिरवायला आलेला एक म्हातारा थांबला, आमच्याकडं बघून, पुतळ्याकडं बोट करून म्हणाला, "इंडियानो." आणि हसून पुढं गेला.

पोरगीनं सांगितलं, इथं सगळे असंच म्हणतात. शेजारून नदीवर मोठा पूल गेलाय, १९७८चा, त्याचं नावही ‘इंडियानोचा पूल’. राजाराम नाही, कोल्हापूर नाही, छत्रपती तर नाहीच. त्यात अपमान नव्हता, उलट त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात आपुलकीच होती. पण ट्राममध्ये बसल्यावर मी जरा गप्पच होतो.

तर दुपारी आम्ही चौकात.

हॉटेल ज्या वाड्यात आहे त्याचं नाव पालाझ्झो देल्ला मेर्कान्झिया. चौदाव्या शतकातला. व्यापाऱ्यांचे आपसातले तंटे इथं सुटायचे. माल कुणाचा, पैसा कुणाचा, शब्द कुणी मोडला. आता खाली दुकान आणि पाठीमागं जेवणाची खोली. पोरगी म्हणाली आधी दुकान बघू. मी बघितलं ते माझ्या सवयीनं. एक बूट उचलला आणि उलटा केला. त्यावर लगामाच्या कडीसारखी सोनेरी कडी. १९५३ पासून ती तशीच आहे म्हणे. शिलाई बघितली, कड दाबली, हळूच नाकाशी नेला. दुकानातली पोरगी बघत होती. आमची पोरगी छताकडं बघत होती.

कातडं मात्र उत्तम. तिकडं टस्कनीत चेस्टनट झाडाचा अर्क वापरून कमावतात, आमच्याकडं बाभळीची साल आणि हिरडा. वास वेगळा, पण सख्ख्या चुलतभावांचा. एका पर्सेला बांबूची मूठ होती. १९४७ साली, युद्धानंतर कातड्याची टंचाई होती तेव्हा काढलेली युक्ती. टंचाईतली युक्ती पुढं सगळ्यात महाग होऊन बसते, हे मला नवीन नव्हतं. शेतात काट्याकुट्यांतून चालायला केलेलं जाड पायताण आता नवरदेव रेशमी सदऱ्याखाली घालतोच की.

या कंपनीची गोष्ट मला पोरगीनं रांगेत उभं राहून सांगितली. गुचिओ गुची नावाचा फ्लॉरेन्सचा पोरगा, तरुणपणी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात हरकाम्या. श्रीमंतांच्या बॅगा उचलताना त्यानं बॅगा बघून घेतल्या. गावी परत येऊन १९२१ मध्ये दुकान काढलं. म्हणजे मुळात हॉटेलातनंच निघालेली ही गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा हॉटेलात आली, असं म्हणायला हरकत नाही. पुढं भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, सगळं झालं. १९९३ पासून त्या घराण्यातलं कुणी कंपनीत नाही. मालक आता एक फ्रेंच समूह.

"मग गुची कोण राहिलं?" बायकोनं विचारलं.

"नाव राहिलं," पोरगी म्हणाली.

आत हिरव्या भिंती, बेताची टेबलं. ताट आलं ते रिकामं, नुसतं शोभेचं, फुलापानांची नक्षी असलेलं. माझा हात गेला आणि मी ते उलटं करून बघितलं. "पप्पा!" पोरगी दातओठ खात. पण मागं नाव होतंच: जिनोरी. फ्लॉरेन्सजवळच चिनी मातीची भांडी करणारी, १७३५ पासूनची कंपनी. ती या पर्सवाल्यांनी २०१३ मध्ये विकत घेतली. म्हणजे ताटसुद्धा घरचंच.

मग एक मुलगा आला आणि प्रत्येक पदार्थ ठेवायच्या आधी त्याची गोष्ट सांगू लागला. कुठून आला, कुणाला सुचला, खाताना काय आठवावं. बायको माझ्या कानात म्हणाली, "सत्यनारायणासारखंच हे. आधी कथा, मग चमचाभर प्रसाद."

हॉटेलवर नाव बड्या आचाऱ्याचं, मास्सिमो बोत्तुरा यांचं. मोदेना गावात १९९५ पासून त्यांचं ओस्तेरिया फ्रान्चेस्काना आहे, मिशलिनचे तीन तारे, आणि २०१६ व २०१८ मध्ये जगातल्या पहिल्या नंबरचं ठरलेलं. (हे तारे देणारी कंपनी टायरची. टायरवाले जेवणाला मार्क देतात, त्यावर कुणी काही बोलत नाही. मग पर्सवाल्यांनी जेवण घातलं तर मी एवढा का चक्रावलो?) पण इथं चूल सांभाळत होते दोघं नवरा-बायको. ती कारिमे लोपेझ, मेक्सिकोतल्या केरेतारोची. मिशलिनचा तारा मिळवणारी पहिली मेक्सिकन बाई, २०१९ साली. तो ताकाहिको कोंदो, जपानी. याच कोंदोंच्या हातनं मोदेनात एकदा लिंबाचा टार्ट निसटून मोडला. ते हादरून गेले. बोत्तुरांनी तो मोडका टार्टच ताटलीत तसाच मांडला आणि त्याचा पुढं जगप्रसिद्ध पदार्थ झाला, नावही ‘अरेरे, टार्ट पडला’ अशा अर्थाचं. आमच्या आईची भाकरी तव्यावर मोडली की ती म्हणायची, "कुस्करून खावा." तारा काही मिळाला नाही.

तर फ्लॉरेन्सच्या चौकात, फ्रेंच मालकीच्या इटालियन नावाखाली, मेक्सिकन आणि जपानी हात.

पहिलं आलं टोस्टाडा. मक्याची कडक, तळहाताएवढी पापडी, वर लिंबात मुरवलेला मासा. एक घास, फार तर दीड. त्यात कुठंतरी मिरची होती. तोंडात आली, जिभेच्या कडेला टेकली आणि निघून गेली, पाहुणी दारातनंच परतावी तशी. बायको म्हणाली, "बसा म्हणावं की जरा."

मग तोर्तेल्लिनी. मोदेना-बोलोन्याकडचा जुना पदार्थ. बोटाच्या पेराएवढ्या पिठाच्या घड्या, आत डुकराचं मांस आणि चीज. परंपरेनं हे पातळ सुरव्यात घालतात. इथं मात्र पार्मिजानो चीजच्या घट्ट पांढऱ्या रसात. डुकराचं नाव काढल्यावर आमची ही बिचकेल असं मला वाटलं होतं. पण ती ताटावर वाकून एकेक घडी निरखत होती.

"मुरड घातल्यात," ती म्हणाली. "हातानं. ही बघा, ही जरा तिरकी बसलीय."

तिला ते दिसणारच. आमच्या लग्नाच्या रुखवतात तिनं स्वतः केलेले गव्हले, नखुले, बोटवे होते. तांदळाच्या दाण्याएवढा गव्हला दोन बोटांत वळायचा. अंगठा पुढं, तर्जनी मागं, पीठ ओलंही नको, सुकंही नको. ताटभर गव्हले करायला चार बायकांची एक दुपार जाते आणि खीर खाणाऱ्याला दोन मिनिटं लागतात. तोर्तेल्लिनीच्या त्या कथा सांगणाऱ्या पोराला मला सांगावंसं वाटलं, आमच्याकडं याची अख्खी वंशावळ आहे. चकोल्या आहेत, शेंगोळ्या आहेत, शेवया आहेत. फक्त आम्ही त्याच्यावर कुणाचं नाव घातलं नाही.

रस मात्र अप्रतिम होता, हे लिहिलंच पाहिजे. दाट, खारट, मागं हलकी गोडी. बायकोनं चमचा बाजूला ठेवला, ताट जरासं तिरकं केलं, आणि मला कळलं की आता ती ओरपणार. नाही ओरपलं. पण म्हणाली, "पांढरा आला. तांबडा कुठाय?"

आम्ही तिघं इतकं हसलो की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवली. तिच्यासमोर गुलाबी डबा होता, त्यात म्हणे इथला नावाजलेला बर्गर. त्यात बीफ, म्हणून आम्ही मागवला नाही. कातड्यावर तीन पिढ्या जगलेलं आमचं घर, पण मांस ताटात नको. याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

तांबड्याचं मात्र डोक्यात राहिलं. कारण इटलीतल्या तांबड्याची गोष्ट त्याच चौकात येऊन पोचते. समोर दिसणारा दगडी राजवाडा फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो द मेदिची याचा. १५४८च्या ऑक्टोबरात तो पिसा शहरात मुक्कामाला होता, तिथं त्याच्या घरी एक टोपली आली आणि कारभाऱ्यानं कळवलं की टोपली सुखरूप पोचली. टोपलीत टोमॅटो. इटलीतल्या टोमॅटोच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक. काय करायचं त्याचं कुणाला कळेना. सोन्याचं सफरचंद म्हणून नाव ठेवलं, पोमोदोरो, आणि बराच काळ नुसतं बघत बसले. टोमॅटोसॉसची पहिली छापील कृती यायला १६९० नंतरची वर्षं उजाडली, तीही ‘स्पॅनिश पद्धतीचा’ म्हणून. टोमॅटो आला होता मेक्सिकोकडनं. तिथल्या नाउआत्ल भाषेतल्या तोमात्ल या शब्दावरनंच टोमॅटो हे नाव आलं.

आणि मिरचीही तिथलीच. पोर्तुगीज गोव्याला आले १५१० मध्ये. त्यांच्या जहाजांनी ती आपल्याकडं आणली. आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी. मग या नव्या बाईला नाव काय द्यायचं? मिरीचंच नाव जरा वळवून हिला दिलं. सवतीचं मंगळसूत्र घालून ती घरात आली आणि दोनशे वर्षांत घराची मालकीण झाली.

मी वर्षाच्या चटणीचा विचार करत होतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, जी एप्रिल-मेमध्ये करून बरणीत भरतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी आणि जवारी. देठं खुडायला अख्खं घर बसतं. देठं खुडलेल्या हातानं चुकून डोळा चोळला की दिवस गेला. मग मिरच्या उन्हात, गच्चीवर, जुन्या लुगड्यावर. खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला वेगवेगळा परतायचा, आणि सगळं डबे भरून डंकावर न्यायचं. डंकवाल्याच्या दारात रांग, प्रत्येकजण आपल्या डब्यावर डोळा ठेवून, कारण आधीच्या बाईची चटणी आपल्यात मिसळली तर वर्षभर चव बिघडली. सगळी पेठ ठसकत असते. आई डंकाशेजारी नाकाला पदर लावून उभी राहायची आणि चिमूट तोंडात टाकून सांगायची, "अजून एक हात."

मला वाटायचं, यापेक्षा अस्सल आमचं काही नाही. आणि इथं स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होती ती बाई त्या मिरचीच्या माहेरची. टोमॅटोच्याही. फ्लॉरेन्सला आणि कोल्हापूरला, दोघांनाही तांबडा रंग तिच्या गावाकडनं आला, आणि ती आम्हाला कडक मक्यावर एक घास वाढत होती. तिला भेटावं असं फार वाटलं. पण ती बाहेर आली नाही, आणि कोल्हापुरीतनं इटालियनमधून स्पॅनिशमध्ये हे सांगायचं कसं, तेही सुचेना.

गोड आलं, छान होतं. बिलाचा आकडा इथं लिहीत नाही, कारण हा लेख आण्णा वाचतात. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "नावाला जेवलो." संध्याकाळी स्टेशनवर पिझ्झ्याचे तीन तुकडे घेतले आणि तिनं पर्समधली चटणीची डबी काढली.

घरी आल्यावर आण्णांना सगळं सांगितलं. आण्णा ब्याऐंशीचे. त्यांनी महाराजांच्या छत्रीचे फोटो दोन्ही हातांत धरून बघितले. जेवणाचं ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. मग विचारलं, "शिलाई हाताची का मशीनची?"

"बुटाची? बरीचशी मशीनची. काही हाताची."

"शिक्का?"

"आत, तळव्यावर. बाहेर पण."

आण्णा म्हणाले, "हं." आमच्या चपलेवर शिक्का असायचा नुसता ‘कोल्हापूर’. दुकानाचं नाव नाही, वेणी घालणाऱ्या बाईचं नाही, तळ ठोकणाऱ्याचं तर नाहीच. आणि खरं सांगायचं तर आमच्या दुकानातला बराचसा माल अथणीचा. नाव कोल्हापूरचं, हात कर्नाटकातले. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून मिळालं. चप्पल लाइनीत काहींनी नाकं मुरडली. आण्णा म्हणाले होते, "बरोबर झालं."

२०२५च्या जूनमध्ये मिलानमधल्या एका बड्या फॅशन घराण्याच्या शोमध्ये पोरं आमच्यासारखीच चप्पल घालून चालली. वर्णनात कोल्हापूर नव्हतं, नुसती कातडी सँडल. (त्यांनी आमचं नाव घेतलं नाही, म्हणून मीही त्यांचं घेत नाही. फिट्टंफाट.) गावात गदारोळ झाला, टीव्हीवाले आमच्या दुकानासमोर आले. पुढं त्यांनी कुठनं सुचलं ते मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागीर बघून गेली. त्या आठवड्यात मला दोन पत्रकारांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मला वाटलं ते फ्लॉरेन्सच्या बागेतल्या म्हाताऱ्याचं. इंडियानो. आणि नागपूरच्या वेटरचं. पण ते टीव्हीवर सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, नाव घ्यायला पाहिजे होतं. आण्णा आतनं ओरडले, "अथणीचं बी सांग!" ते त्यांनी दाखवलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाला हल्ली एक पोरगा पास्त्याची गाडी लावतो. पास्त्यात कांदा-लसूण चटणी, वर शेव. पाटीवर ‘अस्सल इटालियन’. चांगला करतो.

रविवारी आमच्याकडं मटण असतं. तांबडा-पांढरा पितळी आणि स्टीलच्या वाट्यांत येतो. आमच्या सगळ्या भांड्यांवर ठिपक्यांनी नावं घातलेली आहेत: आजोबांचं, आईचं, कुणाच्या लग्नातला आहेर, कुणाच्या स्मरणार्थ. त्यात एक पितळी वाटी आमची नाहीच. कुठल्यातरी लग्नात, पंगत उठल्यावर भांड्यांची अदलाबदल झाली आणि ती आमच्यात आली. आमची त्यांच्याकडं गेली असणार. राखेनं घासून घासून अक्षरं पुसलीत; आता ‘सौ.’ दिसतं, शेवटचं ‘बाई’ दिसतं, आणि खाली १९६१. मधलं नाव आईलाही माहीत नव्हतं. वाटी जड आहे, काठ जाड, रस्सा लवकर निवत नाही. आण्णा तांबडा तिच्यातच घेतात. परवा पोरगी आली होती सुट्टीला. तिनं वाटी ओरपून रिकामी केली आणि उलटी करून बघितली.